ओळखीचा शोध आणि मनाचे स्वास्थ्य

अल्पसंख्य समाजातला तरुण महाविद्यालयात पाऊल ठेवतो, तेव्हा 'मी कोण?' हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. बहुसंख्यांच्या मुलाला तो सहसा कुणी विचारत नाही. अमेरिकेत या प्रश्नाने एकदा विद्यार्थ्यांना रस्त्यावर आणले आणि पुढे तोच मानसशास्त्राचा विषय झाला. हा इतिहास शिक्षकांनी तरी समजून घ्यायला हवा.

१९४० च्या सुमारास केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने लहान मुलांपुढे गोऱ्या व काळ्या बाहुल्या ठेवल्या. बऱ्याच कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुलीच चांगली म्हणून निवडली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात या संशोधनाचा हवाला आहे. पण त्यातून एक समजही रुजला, की अल्पसंख्याकाच्या मनात न्यूनगंड असणारच.

सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी निराळी भूमिका घेतली. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी कृष्णवर्णीय, आशियाई, मेक्सिकन वंशाचे विद्यार्थी संपावर गेले. आमचा इतिहास शिकवा, आमच्यातले अध्यापक नेमा, आमच्या मुलांना प्रवेश द्या, या त्यांच्या मागण्या होत्या. प्रभारी अध्यक्ष हायाकावा स्वतः जपानी वंशाचे. तरी त्यांनी संपाला कडाडून विरोध केला. शेकडो विद्यार्थ्यांना अटक झाली. अखेर मार्च १९६९ मध्ये समझोता झाला आणि त्याच वर्षी वांशिक अभ्यासाची स्वतंत्र शाखा सुरू झाली.

यानंतर वीस वर्षांनी, १९८९ मध्ये, जीन फिनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दहावीच्या ९१ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्पसंख्य मुलांपैकी निम्म्यांनी आपल्या ओळखीचा विचारच केला नव्हता, पावभाग शोधात होते आणि पावभाग शोध घेऊन स्थिरावले होते. मानसिकदृष्ट्या सर्वांत स्वस्थ होती ती ही स्थिरावलेली मुले. १९९२ मध्ये फिनीबाईंनी वांशिक ओळख मोजणारी प्रश्नावली तयार केली. ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही लावली. पुढच्या अभ्यासांतही आत्मसन्मानाचे नाते आपलेपणाशी अधिक स्पष्ट दिसते, नुसत्या शोधाशी तितके नाही.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा लागेल. शोधाचा काळ हा बेचैनीचा काळ असतो. या वयातला मुलगा अचानक आजोबांची भाषा विचारू लागतो, जुनी पुस्तके धुंडाळतो, वर्गात वाद घालतो. अशा वेळी घरचे घाबरतात आणि महाविद्यालय त्याला कट्टर ठरवून मोकळे होते. परंतु शोध मध्येच थांबवला, तर हाती फक्त बेचैनी उरते. स्थिरावण्यापर्यंत पोचायचे, तर वाचायला ग्रंथ हवेत, ऐकून घेणारा अध्यापक हवा आणि वादाला मुभा हवी. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यार्थ्यांनी नेमके हेच मागितले होते. या मागणीला शिस्तभंग समजणारे शिक्षक आजही आहेत, ही खेदाची बाब आहे.