घड आणि पील

केळीचे झाड एकदाच घड देते. घड उतरला की त्या खोडाचे काम संपले. पण यावल-रावेरकडचा शेतकरी नुसता घड पाहत नाही. बुंध्याशी राखलेले पील कसे आहे, तेही पाहतो. पुढची पिलबाग त्याच्यावर उभी राहायची असते.

खेळाच्या मास्तरांचा हिशेब करताना आपण मात्र घडच मोजतो. ढाली किती, करंडक किती? तिकडे अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या प्रशिक्षकांची थोरवीही बहुधा विजेतेपदांवरच तोलली जाते. हा हिशेब पुरेसा आहे का? आपल्या रमाकांत आचरेकर सरांकडे पाहू.

सर १९३२ साली जन्मले, मूळचे मालवणकडचे. स्टेट बँकेकडून १९६३-६४ मध्ये ते प्रथम दर्जाचा सामना खेळले, तोही एकच. पुढचे आयुष्य शिवाजी पार्कच्या मातीत गेले. स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे. जो बाद होणार नाही, त्याचे ते नाणे. सचिन तेंडुलकरने अशी तेरा नाणी जपून ठेवली.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस शिल्डचा उपांत्य सामना. सरांच्या शारदाश्रमकडून सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागी केली. सचिन ३२६, विनोद ३४९. पुढे सचिन दोनशे कसोटी सामने खेळला. विनोद ५४ च्या सरासरीने धावा करूनही सतराच. गुरू एक, मैदान एक. सचिनचे सारे श्रेय सरांना द्यायचे, तर विनोदची थांबलेली वाटचाल कोणाच्या खात्यावर टाकायची? शिष्याचे यश काय, अपयश काय, सगळेच गुरूच्या नावावर लिहिता येत नाही.

त्या दिवशी आणखी एक मुलगा पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत होता. अमोल मुजुमदार. त्याने पुढे रणजीत धावांचे डोंगर रचले, पण भारताची टोपी काही त्याला मिळाली नाही. करंडकांच्या वहीत त्याच्यासाठी ओळ कुठली?

जून २०२२. बंगळूरला रणजीची अंतिम लढत. मुंबईचा प्रशिक्षक अमोल, तर मध्य प्रदेशचे चंद्रकांत पंडित. दोघेही आचरेकर सरांचे शिष्य. त्याच मैदानावर १९९८-९९ मध्ये कर्णधार म्हणून पंडितांच्या हातून करंडक निसटला होता. तेवीस वर्षांनी त्यांनी तो मध्य प्रदेशाला मिळवून दिला. अमोल हरला. मग २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक होता हाच अमोल मुजुमदार.

हे पाहायला सर नव्हते. २ जानेवारी २०१९ ला ते गेले. द्रोणाचार्य पुरस्कार, पद्मश्री हे मान त्यांना हयातीत मिळाले, पण पिलाला आलेला हा घड त्यांच्या पश्चातला.

करंडकांना किंमत नाही, असे कोण म्हणेल? घड आला नाही, तर बाग राखणार कोण? शाळेने ढाल जिंकली की पालकही मुलाला मैदानावर पाठवतात. तेव्हा कपाटातली ढाल जरूर मोजा. त्याबरोबर आणखी एक चौकशी करा : या मास्तरांकडे शिकलेली मुले आज कुठल्या मैदानावर दुसऱ्यांना शिकवीत आहेत? त्यांत पॅड बांधून नुसता बसून राहिलेला एखादा मुलगाही सापडेल.