रायफल आली, गोळी कुठाय?

आमच्या भडगावात वरणगाव म्हणजे नोकरी. ‘पोऱ्या फॅक्टरीमा लागी गया’ एवढं वाक्य सोयरीक जुळवायला पुरायचं. आत काय बनतं असं विचारलं, की उत्तर एका शब्दात यायचं: गोळ्या. त्या गोळ्यांमध्ये संशोधन करण्यासारखं काही असतं, हे मला तरी बरंच उशिरा कळलं.

आपण जिला गोळी म्हणतो ते खरं तर काडतूस. पितळेची पुंगळी, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी खरी गोळी. यातली दारू आपल्या फार जवळची आहे, कारण ती कापसापासून होते. जिनिंगमध्ये रुई निघाली तरी सरकीवर आखूड लव उरते, ती लिंटर. लिंटर म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली, की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. 1846 मध्ये बाझेलच्या शॉनबाइननं हे जाहीर केलं आणि लगेच कारखाने निघाले. त्यातला इंग्लंडमधला फॅवर्शमचा कारखाना 1847 मध्ये उडाला, माणसं मेली. कापसाच्या पोकळ तंतूंत आम्ल अडकून राहायचं आणि पुढे घात करायचं. यावरचा उपाय ब्रिटिश युद्धखात्याचा रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक एबल यानं 1860 च्या दशकात शोधला. कागदासाठी करतात तसा त्या कापसाचा लगदा करायचा आणि तो धूत राहायचा, बस. संरक्षण खात्यातलं संशोधन म्हटलं की आपल्याला क्षेपणास्त्र दिसतं, पण त्यातलं बरंचसं असं धुण्या-वाळवण्याचंच असतं.

आपल्याकडे 1958 मध्ये डीआरडीओ स्थापन झाली. त्याच वर्षी पुण्यात शस्त्रास्त्र संशोधनासाठी एआरडीई ही प्रयोगशाळा सुरू झाली, ती आता पाषाणला आहे. 1962 मध्ये चीनसमोर आपले जवान जुन्या .303 रायफली घेऊन उभे होते. त्या धक्क्यातून त्याच नोव्हेंबरात संरक्षण उत्पादन विभाग निघाला, 1964 मध्ये वरणगावची फॅक्टरी आली आणि 1965 मध्ये संरक्षण पुरवठा विभाग. पुढे 1984 मध्ये हे दोन विभाग एक झाले. संशोधनाचा विभाग मात्र 1980 पासून वेगळाच होता. हा तपशील कोरडा आहे, पण लक्षात ठेवा.

1980 च्या दशकात सैन्याला हलकी रायफल हवी होती. 7.62 मिलिमीटरच्या जड काडतुसाऐवजी 5.56 चं वापरलं, तर एका काडतुसाचं वजन साधारण निम्मं होतं, म्हणजे तेवढ्याच ओझ्यात जवानाजवळ दुप्पट गोळ्या. एआरडीईनं त्यासाठी इन्सास रायफल घडवली आणि 1990 मध्ये ती स्वीकारलीही गेली. आता ही गोळी बनवायची कुणी? तर वरणगावनं.

इथं घोडं अडलं. रायफल एकेक करून घडवता येते. काडतुसाचं तसं नसतं, ती कोटींमध्ये लागतात आणि सगळी सारखीच लागतात. पुंगळीची भिंत केसभर जाड झाली तर ती चेंबरमध्ये अडकते. दारू उन्हात जास्त दाब देते आणि थंडीत कमी. भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत चालणारं काडतूस उणे तापमानातही तसंच चाललं पाहिजे. कागदावरचं मोजमाप रोजच्या उत्पादनात उतरवायला वर्षं जातात, आणि ती वर्षं कुणी हिशेबात धरलेलीच नव्हती. दरम्यान सैन्यासाठी परदेशातून एके बनावटीच्या सुमारे एक लाख रायफली घ्याव्या लागल्या. 1998 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात इन्सास दिसली, आणि तिच्यासाठीच्या गोळ्या मोठ्या प्रमाणात आल्या इस्रायलमधून.

पुढच्याच वर्षी कारगिल. द्रास-बटालिकच्या थंडीत इन्सासची पारदर्शक प्लॅस्टिकची मॅगझिन तडकल्याच्या आणि गोळी अडकल्याच्या तक्रारी आल्या. तीन गोळ्यांवर लावलेली रायफल थांबतच नाही, असंही जवान सांगत. समोरून गोळीबार चालू असताना अडकलेली रायफल हातात धरणं म्हणजे काय, ते भडगावात बसून मी काय लिहिणार! पण या तक्रारींवरून डीआरडीओची टिंगल करणाऱ्यांचा मला राग येतो. दोष होते आणि पुढे त्यातले बरेच दूरही केले गेले. खरं दुखणं निराळं होतं. आराखडा काढणारा एका विभागाचा, बनवणारा दुसऱ्या विभागाचा, आणि वापरणारा जवान दोघांच्याही बाहेरचा.

आता त्याच कारगिलमधलं दुसरं उदाहरण बघा. पिनाका रॉकेटही एआरडीईच्याच पुढाकारानं झालं. एका गाडीवर बारा रॉकेटं असतात आणि ती 44 सेकंदांत सुटतात. ते अजून चाचणीच्या टप्प्यात असतानाच तिथं वापरलं गेलं आणि त्याचं नाव झालं. रॉकेटं ज्यात बसतात ते पॉड आपल्या भुसावळच्या फॅक्टरीत बनतात. म्हणजे इथल्या हातांना जमत नाही, असं काही नव्हतं.

2019 मध्ये अमेरिकेकडून सिग 716 रायफली घ्यायचं ठरलं. अमेठीजवळ कोरवा इथं एके-203 बनवायचंही ठरलं. दोन्ही 7.62 च्या, पण दोघींची काडतुसं वेगळी, एकीचं दुसरीत चालत नाही.

1 ऑक्टोबर 2021 रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त झालं आणि त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. कामगार संघटनांचा विरोध होता, पण निर्णय टिकला. वरणगाव गेलं म्युनिशन्स इंडियाकडे, मुख्यालय पुण्यात. तिथून पंधराएक किलोमीटरवरचं भुसावळ गेलं यंत्र इंडियाकडे, मुख्यालय नागपुरात. रायफलींच्या फॅक्टऱ्या तिसऱ्याच कंपनीकडे, तिचं मुख्यालय कानपूरला. पाषाणची प्रयोगशाळा आहे तिथंच, डीआरडीओत.