काळोखांतील नदीचीं चित्रें

अमेरिकेंत सुपीरिअर सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावर मार्क्वेट नांवाचें गांव आहे. त्याच्या भोंवतालच्या अरण्यांत नद्या, ओढे आणि लहानमोठीं तळीं यांचें जाळेंच पसरलेलें आहे. या भागांतील ओजिब्वा लोक पाण्यावरून रात्रीं शिकार करीत. होडीच्या नाळीवर जाळ पेटवावयाचा, वल्ह्याचा आवाज होऊं न देतां कांठाकांठानें सरकावयाचें, आणि उजेडानें भारलेलें हरिण जागच्या जागीं खिळलें कीं त्याच्या चमकणाऱ्या डोळ्यांवर नेम धरावयाचा. गोरे शिकारीहि ही युक्ति शिकले. १८५९ सालीं जन्मलेला वकील जॉर्ज शिरास हा त्यांतलाच एक. १८८९ च्या सुमारास त्यानें बंदुकीऐवजीं कॅमेरा हातीं घेतला. होडी तीच, दिवा तोच, नावाड्याचें कसबहि तेंच. गोळीच्या जागीं मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडूं लागला, एवढेंच.

भडका उडाला कीं होडींतलीं माणसेंहि क्षणभर आंधळीं होत, पाण्यावर धूर पसरे आणि हरिण झाडींत नाहींसें होई. चित्र उठलें कीं नाहीं, तें कांच धुतल्यावरच समजे.

उन्हाळ्यांत हरणें पाणवनस्पति खाण्यासाठीं उथळ पाण्यांत उतरतात, तेव्हां हें काम बरें चाले. शरद ऋतु सरूं लागला कीं त्या वनस्पति कुजतात, हरणें रानांत शिरतात, सरोवरावरून गार पाऊस येतो आणि ओलसर भुकटी ऐन वेळीं दगा देते. पण नदी ओस पडत नाहीं. उंदराच्याच कुळांतला, परंतु चांगला कुत्र्याएवढा बीव्हर याच दिवसांत सर्वांत अधिक राबतो. पाणी गोठण्यापूर्वीं बांध पक्का करावयाचा असतो, खाण्याच्या फांद्या पाण्याखालीं रचून ठेवावयाच्या असतात. प्राणी मोठा सावध. चाहूल लागतांच शेपटीचा फटकारा मारून बुडी घेणारा. शिरासनें त्याच्या बांधाला खिंडार पाडलें आणि तेथील काठीला कॅमेऱ्याची दोरी बांधली. पाणी वाहून जात आहे हें कळतांच बीव्हर डागडुजीस आला, काठी ओढली आणि स्वतःचेंच चित्र काढून बसला! यांत लबाडी आहे खरी. पण ज्याच्या कातड्यासाठीं माणसानें नद्याच्या नद्या ओस पाडल्या, त्याला एवढी लबाडी फार जड गेली नसावी.

१९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत या रात्रींच्या चित्रांना सुवर्णपदक मिळालें. जुलै १९०६ मध्यें 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकानें शिरासचीं ७४ चित्रें एकाच अंकांत छापलीं, तेव्हां मासिकाचें चित्रपुस्तक होत आहे म्हणून संचालक मंडळांतील दोघांनीं राजीनामे दिले.

मधल्या काळांत, १९०३ ते १९०५, शिरास अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा सभासद होता. शरदांत दक्षिणेकडे निघालेले बदकांचे थवे राज्यामागून राज्यें ओलांडतात आणि प्रत्येक राज्याचा शिकारीचा कायदा निराळा. म्हणून स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणाचा भार मध्यवर्ती सरकारनें उचलावा, असें विधेयक त्यानें १९०४ सालीं मांडलें. तें बारगळलें. १९१३ सालीं त्याच धर्तीचा कायदा झाला आणि १९१८ सालीं कॅनडाच्या वतीनें ब्रिटनशीं झालेल्या कराराच्या आधारें तो पक्का झाला. तोंपर्यंत शिरासला सभागृह सोडून तेरा वर्षें झालीं होतीं.