सगनभाऊंच्या पुण्यात

माझा एक जुना विद्यार्थी युरोपात नोकरीला आहे. सुट्टी मिळाली की एखादं नवं शहर गाठतो आणि संध्याकाळी तिथला साल्सा बघायला जातो. एकदा फोनवर म्हणाला, "सर, हा नाच इथला नाहीच. क्युबा आणि पोर्टो रिकोच्या लोकांनी तो न्यूयॉर्कमध्ये वाढवला. आता इथले लोक पैसे भरून शिकतात." मग सहज विचारलं, "आपल्या लोकांचा कुठला नाच हो सर?"

'आपल्या' म्हणजे मराठी की मुसलमान, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तीर्थपुरीत आमच्या घरी तमाशाचं नाव काढत नसत. जत्रेतली ढोलकी ऐकू आली की अब्बा खिडकी लावून घ्यायचे. "अपने में ये नहीं होता," एवढंच बोलायचे. त्यामुळे चाळिशी उलटेपर्यंत मी लावणी फक्त पुस्तकात वाचली आणि वर्गात शिकवली.

गेल्या सुट्टीत पुण्याला काम निघालं. जालन्याहून एसटीने गेलो आणि काम संपल्यावर आर्यभूषण थिएटरात शिरलो. आत जाताना ओळखीचं कुणी नाही ना, हे दोनदा पाहिलं. खोटं कशाला सांगू?

आत संगीत बारी चालू होती. पेटी, तबला, ढोलकी, नऊवारीतल्या बायका. मला वाटलं होतं नुसता नाच असेल. पण एका बाईंनी बसल्या जागी, फक्त डोळे आणि बोटं हलवून एकच ओळ पाच-सहा वेगवेगळ्या अर्थांनी सांगितली. प्रेक्षकांतून फर्माईश आली, मुजरा झाला, दौलतजादा झाली. मी उर्दूचा मास्तर. माझे कान या शब्दांकडेच. 'तमाशा' हा शब्दही अरबीतून फारसीमार्गे आलेला. त्याच्या मुळाशी चालणं आहे. फिरणं, फिरता फिरता पाहणं, मग पाहण्याजोगी गोष्ट, असा तो आपल्यापर्यंत आला. 'शाहीर' म्हणजे आपला शायरच. गझलेच्या मक्त्यात शायर तखल्लुस घालतो, तसा लावणीच्या शेवटी शाहीर आपलं नाव गुंफतो.

त्या नावांमध्ये एक नाव सगनभाऊंचं. जन्म 1778, मृत्यू 1850. जेजुरीचे मुसलमान, धंदा शिकलगाराचा, म्हणजे तलवारी-सुऱ्यांना धार लावण्याचा. पुढे पुण्यात आले. उत्तर पेशवाईतलं पुणं म्हणजे शाहिरांचं शहर. राम जोशी आणि प्रभाकर ब्राह्मण, होनाजी गवळी, त्यांचा जोडीदार बाळा शिंपी, परशराम शिंपी, आणि त्यांच्याच पंगतीत सगनभाऊ. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा तिच्यावर पोवाडे रचणाऱ्यांत हा मुसलमान शिकलगारही होता. संगमनेरच्या अनंत फंदींचं 'फंदी' हे नावही मलिक फंदी नावाच्या फकिराच्या संगतीमुळे पडलं, असं सांगतात.

आज आम्हाला मराठी आहात का असं विचारणारे भेटतात, आणि लावणीशी आपला काय संबंध असं म्हणणारे आमच्यातही आहेत. दोघांनी सगनभाऊ वाचलेले नसतात.

एक मात्र खटकतं. नावं टिकली ती रचणाऱ्या पुरुषांची. नाचणाऱ्या, गाणाऱ्या बाया बहुतेक कोल्हाटी आणि इतर वंचित जमातींतल्या. कला त्यांनी सांभाळली आणि बदनामीही त्यांच्याच वाट्याला आली. साल्सा शिकायला तिकडे मध्यमवर्गीय पोरं-पोरी जातात. आमच्याकडे थिएटरात शिरताना मास्तर मागे वळून पाहतो. त्या बाईंचं नाव मी विचारायला हवं होतं. धीर झाला नाही.

परत आल्यावर अब्बांना पुण्यात कुठे गेलो होतो ते सांगून टाकलं. सगनभाऊंचंही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शिकलगार था? जेजुरी का?"