क्रँक पुली : मूळची की बाजारातील हलकी?

सावदा, रावेर, फैजपूर हा केळीचा मुलूख. येथील विहिरींवर वीज येण्यापूर्वी डिझेलवर चालणारी ऑईल इंजिने होती आणि त्यांच्या पुल्या बदलणे हे शेतकऱ्याच्या नित्याच्या कामांपैकी एक होते. पंपाला अधिक वेग हवा असेल तर इंजिनावर मोठी पुली चढवायची, इंजिन दमू लागले तर पुन्हा लहान. लेथवर कातून आणलेली बिडाची पुलीही चालून जाई. एका सिलिंडरच्या या इंजिनाचा क्रँकशाफ्ट आखूड व जाडजूड असतो आणि त्याला भक्कम फ्लायव्हील जोडलेले असते. तेथे पुली म्हणजे पट्टा फिरविणारे चाक, एवढाच तिचा अर्थ. मोटारीच्या इंजिनाला हाच न्याय लावला जातो आणि घोळ तेथेच होतो.

मोटारीच्या शौकिनांसाठी बाजारात ॲल्युमिनियमच्या हलक्या क्रँक पुल्या मिळतात. ताकद वाढते, गाडी चटकन वेग घेते, ॲव्हरेज सुधारते, असे दावे त्यांच्याबाबत केले जातात. दावे तपासण्यापूर्वी मूळ पुली काय काम करते हे पाहणे आवश्यक आहे.

प्रत्येक स्फोटासरशी पिस्टन क्रँकशाफ्टला धक्का देतो आणि शाफ्ट किंचित पिळला जाऊन पुन्हा सरळ होतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्यात दोन स्फोट होतात. मिनिटाला ३००० फेरे असतील तर सेकंदाला १०० धक्के बसतात. या धक्क्यांची लय शाफ्टच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली की पीळ वाढत जातो. झोपाळ्याला योग्य क्षणी हलकासा झोका देत राहावे तसा हा प्रकार आहे. शाफ्ट जितका लांब तितका धोका अधिक. विसाव्या शतकाच्या आरंभी सहा सिलिंडरची इंजिने आली तेव्हा या पिळाने अभियंत्यांना हैराण केले, आणि फ्रेडरिक लँचेस्टर यांच्यासारख्या ब्रिटिश अभियंत्यांनी त्यावर कंपनशामक म्हणजे डँपर योजला.

आजच्या अनेक इंजिनांत हा डँपर पुलीतच बसविलेला असतो. आतील तुंबा, बाहेरील जड कडे आणि दोहोंच्या मध्ये रबराची पट्टी अशी त्याची रचना असते. शाफ्ट पिळला की कडे मागे राहू पाहते, रबर ताणले जाते आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने त्यात जिरते. मोठ्या डिझेल इंजिनांत रबराऐवजी घट्ट सिलिकॉन द्रव वापरलेलाही आढळतो. कड्याचे वजन व रबराचा कडकपणा त्या विशिष्ट इंजिनासाठी ठरविलेला असतो. एकसंध ॲल्युमिनियमची पुली बसविली की वजनाबरोबर हे शमनही जाते.

आता लाभाचा हिशेब. दोन किलो वजनाची, १५० मिलिमीटर व्यासाची पुली धरू. तिचे वजन निम्मे केले तर गाडीला वेग घेताना जी सवलत मिळते ती साधारण मोटारीत पहिल्या गिअरमध्ये सहा-सात किलो ओझे उतरविण्याएवढी आणि तिसऱ्या गिअरमध्ये जेमतेम एक किलोची भरते. म्हणजे पाण्याची एक बाटली! एकसारख्या वेगाने गाडी चालत असताना तर हलकेपणाचा उपयोग जवळपास शून्य. चाचणी-यंत्रावरील आलेखांत काही अश्वशक्ती वाढलेली दिसते, तिचेही कारण पुष्कळदा हेच असते. चाचणीत इंजिनाचा वेग झपाट्याने चढविला जातो, त्यामुळे फिरविण्याचे वजन घटले की तेच ताकद म्हणून नोंदले जाते.

काही पुल्या हलक्याच नव्हे, लहानही असतात. १५० मिलिमीटरऐवजी १२० मिलिमीटरची पुली आली की अल्टरनेटरचा वेग २० टक्क्यांनी घटतो. इंजिन ८०० फेऱ्यांवर नुसते चालू असताना ६० मिलिमीटर पुलीचा अल्टरनेटर २००० ऐवजी १६०० फेरे घेतो. दिवे, पंखा व एसी एकदम चालू असतील तर भार बॅटरीवर येतो. वॉटर पंप याच पट्ट्यावर असेल तर पाणीही तितकेच संथ फिरते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात वाहतुकीत अडकलेल्या गाडीवर हा प्रयोग करू नये.

अर्थात हलकी पुली लावली की दुसऱ्या दिवशी शाफ्ट मोडतो, असे नाही. धातूला थकवा येतो तो सावकाश; बेअरिंगजवळच्या गोलाईत सूक्ष्म तडा जातो आणि तो हजारो किलोमीटरनंतर उघड होतो. म्हणूनच ‘माझ्या गाडीला काही झाले नाही’ ही साक्ष फारशी कामाची नसते. काही छोट्या इंजिनांची मूळ पुली डँपररहित, साधीच असते. तेथे जोखीम बरीच कमी. शर्यतीच्या गाड्यांची गोष्ट वेगळी, त्यांची इंजिने वरचेवर उघडली जातात. तेथे अमेरिकेतील एसएफआय १८.१ या मानकाचे डँपर मागितले जातात, परंतु ते मानक मुख्यतः अतिवेगात डँपर फुटू नये यासाठी आहे.

रोजच्या गाडीसाठी आमचे मत स्पष्ट आहे : हलकी पुली घेऊ नये. मात्र मूळ पुली खराब झाली असेल तर ती बदलण्यात चालढकलही करू नये. सावद्याहून दिल्लीकडे हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापणाऱ्या केळीच्या ट्रकचे उदाहरण घ्या. रबर सुटून कडे सरकले, पट्टा उतरला आणि वॉटर पंप थांबला, तर इंजिन तापतेच. शिवाय वाटेत गेलेल्या तासांत माल पिकू लागतो. बनावट सुटा भाग घेऊन वाचविलेले पैसे तेथे एका फेरीत जातात.

इंजिन चालू असताना दुरूनच पाहिले तरी पुली डगमगते का, हे कळते. इंजिन बंद करून रबराला चिरा, फुगवटा किंवा तेलाचा ओलावा आहे का ते पाहावे. तुंब्यावर व कड्यावर रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवावी; काही दिवसांनी ती तुटलेली दिसली तर रबर सुटले आहे. टायमिंगची खूण कड्यावर असल्यास तीही अशा वेळी खोटी ठरते. नवी पुली हातोड्याने ठोकून बसवू देऊ नये, आणि मधला बोल्ट एकदाच वापरण्याचा असेल तर तोही नवा मागून घ्यावा.