उष्णतेची विहीर किती खोल?

मागच्या व्याख्यानानंतर कॅनडात लेकीकडे राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं, "सर, बाहेर उणे दहा अंश. घरात हीट पंप बसवलाय. त्या गारठ्यात उष्णता येते कुठून? आणि बिल तर भरमसाट येतंय!" प्रश्न दोन आहेत, आणि दोन्हींची उत्तरं इतिहासात सापडतात.

पहिलं सोपं आहे. शून्य अंश ही पाणी गोठण्याची खूण. उष्णता संपल्याची नव्हे. ती संपते उणे २७३ अंशांपाशी. म्हणजे उणे दहाच्या हवेतही उष्णता भरपूर असते. आपला फ्रिज भाज्यांमधली उष्णता काढून मागच्या बाजूने स्वयंपाकघरात सोडतो. हीट पंप हेच काम अंगण आणि घर यांच्यात करतो. तो उष्णता निर्माण करत नाही, उपसतो.

आता बिलाचं. १८२४ साली सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने वाफेच्या इंजिनावर एक छोटं पुस्तक लिहिलं. उष्णता हा एक प्रकारचा द्रव आहे असं तो धरून चालला होता, आणि तिच्या उतरण्याची तुलना त्याने पडणाऱ्या पाण्याशी केली. गृहीतक चुकीचं ठरलं, पण निष्कर्ष टिकला: सगळा हिशेब दोन तापमानांवर, त्यांच्यातल्या अंतरावर असतो. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे उदाहरण जपून ठेवावं. १८५२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी हेच चक्र उलटं फिरवून इमारती तापवता येतील असं मांडलं.

विहिरीचंच उदाहरण घ्या. पाणी जितकं खोल, तितके ओढण्याचे कष्ट जास्त. बाहेर उणे १० आणि रेडिएटरमध्ये ६० अंशांचं पाणी हवं असेल, तर आदर्श यंत्रसुद्धा एका युनिट विजेत सुमारे ४.८ युनिट उष्णता देईल. ३५ अंशांवर भागलं तर ६.८. प्रत्यक्षातली यंत्रं याच्या निम्म्याच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी देतात. पण प्रमाण तेच राहतं.

१९३७-३८ मध्ये झुरिकच्या जुन्या नगरभवनात हीट पंप बसला. स्वित्झर्लंडकडे कोळसा नव्हता, जलविद्युत होती. उष्णता घेतली ती शेजारच्या लिमाट नदीतून. निवड शहाणपणाची होती, कारण हिवाळ्यात नदीचं पाणी हवेइतकं थंड होत नाही. म्हणजे विहीरच उथळ निवडली! ते यंत्र साठ वर्षांहून अधिक काळ चाललं. पण युद्धानंतर तेल स्वस्त झालं आणि जगाला या कल्पनेची फारशी गरज उरली नाही. १९७३ च्या तेलसंकटाने ती पुन्हा आठवली.

स्वीडनसारख्या देशांनी मग दोन्ही टोकांनी काम केलं. खाली, जमिनीत खोल भोकं पाडून हिवाळ्यातही शून्याच्या वर राहणारी उष्णता घेतली. वर, भिंती-छपरांना जाड उष्णतारोधक थर दिले, खिडक्यांना तीन काचा लावल्या, फरशीखाली नळ्या घातल्या. मग कोमट पाणीही पुरू लागलं. पुढे गती कमी-जास्त करणारे कॉम्प्रेसर आले. सारखं चालू-बंद होण्यापेक्षा संथपणे चालत राहणं त्यांना जमलं.

त्या गृहस्थांना मी एवढंच सांगितलं: पंपाला दोष देण्याआधी घराकडे बघा. फटी बुजवा. बाहेरच्या युनिटभोवतीचं बर्फ काढत जा. रेडिएटरच्या पाण्याचं तापमान दोन-दोन अंशांनी उतरवून पाहा. घर उबदार राहतंय तोवर खाली या. न राहिलं तर रेडिएटर मोठे हवेत किंवा भिंतींना थर हवा, हे कळेल. त्यात खर्च आहे, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्याच्या हातात तो निर्णयही नसतो. म्हणून नुसत्या पंपाला अनुदान देऊन गळकी घरं तशीच ठेवणारं सरकार गरिबाच्या हाती लांब दोर देतं आणि विहीर मात्र खोलच ठेवतं.

यंत्र सुधारायला पुष्कळ हुशार माणसं लागली. पण आपल्याला नेमकी किती ऊब, किती अंशांवर हवी, हा प्रश्न आधी विचारायला हवा. कार्नोच्या हिशेबात तो दोनशे वर्षांपूर्वीच होता.