हरलेल्यांचा हिशेब

टोकियोच्या जिल्हा न्यायालयात योशितादा यामागुची नावाचे न्यायाधीश होते. काळ्या बाजारात तांदूळ विकणारे, नाहीतर पोटासाठी तो विकत घेणारे त्यांच्यासमोर उभे केले जात. त्यांना शिक्षा सुनवायची आणि घरी जाऊन तोच तांदूळ खायचा, हे त्यांच्या मनाला पटेना. रेशनवर मिळेल तेवढ्यावरच राहायचं त्यांनी ठरवलं. त्यातलाही मोठा वाटा मुलांच्या ताटात जाई. ऑक्टोबर १९४७ मध्ये ते उपासमारीने गेले. वयाची पस्तिशीही झाली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धातल्या जपानच्या शरणागतीच्या कागदांवर सह्या होऊन तेव्हा दोन वर्षं उलटली होती. जेत्यांकडे धान्य नव्हतं असं नाही. पण हरलेल्या जपानला पुन्हा उभं करायचं, असं मुळात त्यांच्या मनातच नव्हतं. जपानचा ताबा सांभाळणाऱ्या अमेरिकी जनरल मॅकआर्थरला वॉशिंग्टनहून आलेल्या सुरुवातीच्या आदेशात साफ लिहिलं होतं, की जपानची आर्थिक घडी बसवण्याची जबाबदारी त्याने अंगावर घेऊ नये. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने पाठवलेल्या एडविन पॉली या तेल-उद्योजकाने तर गरजेपलीकडचे कारखाने उचकटून ते जपानने लुटलेल्या आशियाई देशांना द्यावेत, असा अहवाल दिला. पुढच्या पिढ्यांनी उदारपणाची जी कथा ऐकली, तिचं पहिलं पान असं आहे.

या ताबा-राजवटीत मराठी माणूसही होता. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजेबरोबर १९४६ मध्ये हिंदी सैन्याची एक ब्रिगेड जपानात गेली, ब्रिगेडियर थिमय्या यांच्या हाताखाली. तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. या फौजेचं बंदर कुरे. यामातो ही अवाढव्य युद्धनौका जिथे बांधली गेली, ती गोदी आता बॉम्बने उद्ध्वस्त झाली होती आणि हिरोशिमा तिथून हाकेच्या अंतरावर. स्वतःचा देश अजून इंग्रजांच्या ताब्यात असताना दुसऱ्याचा देश ताब्यात ठेवायला गेलेल्या या जवानांच्या मनात काय आलं असेल, हे त्यांनी गावी परतल्यावर कुणाला सांगितलंही असेल. इतिहासाच्या जाड ग्रंथांत मात्र त्यांच्या वाट्याला एखादी ओळ येते. स्वातंत्र्य आलं त्याच वर्षी हिंदी तुकड्या माघारी निघाल्या.

मॅकआर्थरच्या कचेरीने कायद्याची कामं मात्र झपाट्याने उरकली. फेब्रुवारी १९४६ मध्ये अवघ्या आठवडाभरात नव्या राज्यघटनेचा मसुदा तयार झाला. त्यातल्या स्त्रियांच्या हक्कांच्या कलमांचं लेखन बिआटे सिरोटा या बावीस वर्षांच्या मुलीकडे आलं. तिचं बालपण टोकियोत गेलं होतं, जपानी भाषा तिच्या जिभेवर होती आणि मुलींची लग्नं परस्पर कशी ठरतात, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण खरी उलथापालथ झाली ती शेतात. गावाबाहेर राहणाऱ्या जमीनदाराची कुळाकडे असलेली सगळी जमीन सरकारने विकत घेतली आणि कसणाऱ्याला विकली. किंमत ठरली ती जुन्या दराने, आणि महागाई अशी भडकली की जमीनदाराच्या हातात आलेल्या पैशाला काही मोल उरलं नाही. देशातली जवळजवळ निम्मी शेतजमीन कुळांकडे होती; काही वर्षांत ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आलं. आपल्याकडे १९४८ च्या कूळकायद्यावर कज्जे किती चालले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वेगाचं नवल वाटेल. परक्या सेनापतीला जमीनदारांची मतं नको असतात, हे त्याचं साधं कारण.

मग वारा फिरला. चीनमध्ये कम्युनिस्टांची सरशी होत चालली, रशियाशी बिनसलं आणि कमकुवत जपान अमेरिकेला परवडेनासा झाला. कारखाने उचकटण्याची भाषा आधी मवाळ झाली आणि १९४९ मध्ये बंदच झाली. डेट्रॉइटचा बँकर जोसेफ डॉज आला. त्याने सरकारी खर्चाला कात्री लावली आणि एका डॉलरला ३६० येन असा भाव बांधून दिला. तो १९७१ पर्यंत टिकला. महागाई आटोक्यात आली, पण औषध जालीम होतं. धंदे बसले, कामगार रस्त्यावर आले. टोयोटा डबघाईला आली, संप झाला आणि संस्थापक किइचिरो टोयोदा यांनी जून १९५० मध्ये अध्यक्षपद सोडलं.

त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटलं. काही आठवड्यांत अमेरिकी लष्कराकडून ट्रकची मागणी आली, आणि कंपनी तरली. शेजारच्या देशाची राखरांगोळी होत होती आणि जपानी कारखान्यांच्या चिमण्या पुन्हा धूर ओकू लागल्या होत्या. जपानच्या उभारणीचं श्रेय वाटताना या योगायोगाला पहिल्या रांगेत बसवायला हवं.

तह झाला तो सप्टेंबर १९५१ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत. चीनला बोलावणंच नव्हतं, रशिया येऊन सही न करता परतला. भारत गेलाच नाही. ताब्याचा काळ संपल्यावरही परकी फौज तिथेच राहणार असेल तर ते सार्वभौमत्व कसलं, असा नेहरूंचा आक्षेप होता. भारताने ९ जून १९५२ रोजी टोकियोत स्वतंत्र तह केला आणि नुकसानभरपाईवर पाणी सोडलं.

जपानच्या पोलादाच्या भट्ट्यांना लोहखनिज हवं होतं. पन्नासच्या दशकात ते गोव्याहून निघालं. गोवा अजून पोर्तुगीजांचा होता. डिचोली, साखळीच्या डोंगरांतली लाल माती बार्जमधून मांडवी-झुवारीने मुरगावला उतरे आणि जहाजात पडून जपानला जाई. खाणींमुळे घरं उभी राहिली, शेतांत लाल गाळही उतरला.

जेत्यांची मदतही फुकटची नव्हती. दोन अब्ज डॉलरच्या आसपास धान्य, कापूस, औषधं अमेरिकेने पाठवली होती. १९६२ मध्ये वाटाघाटी होऊन त्यातले ४९ कोटी डॉलर जपानने परत करायचं कबूल केलं. तोवर हा कर्जदार सावकारही झाला होता. येनमधलं पहिलं सरकारी कर्ज त्याने १९५८ मध्ये दिलं, ते भारताला, १८ अब्ज येनचं. आणि तेव्हाही तो स्वतः जागतिक बँकेच्या दारात उभा होताच. टोकियो-ओसाका बुलेट ट्रेनसाठी १९६१ मध्ये त्याने तिथून आठ कोटी डॉलर उचलले. गाडी १९६४ मध्ये धावली. बँकेच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला तो १९९० मध्ये.